रीडेव्हलपमेंट होणारे ना, मग खर्च कशाला?

घराचं काम काढलंय म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न हाच येतो. आमची कोथरूडची बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, लिफ्ट नाही, आणि रीडेव्हलपमेंटचा विषय दरवर्षी एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला निघतो, चहा-वेफर्स होतात, पुढच्या वर्षी परत निघतो. तोपर्यंत लेकीने रांगायचं थांबायचं का?

म्हणून नवऱ्याचं नि माझं ठरलं, पैसे भिंतीच्या आत घालायचे, दिसण्यावर नाही. फॉल्स सीलिंग कॅन्सल, टीव्ही युनिट कॅन्सल. हॉलचं जुनं मोझॅक नुसतं पॉलिश केलं आणि खरं सांगते, शेजारच्यांच्या चकचकीत व्हिट्रिफाइडपेक्षा मला तेच आवडतं.

खरा खर्च झाला बाथरूममध्ये. कॉन्ट्रॅक्टर म्हणे, मॅडम, टाइल्सवर टाइल्स मारू, लगेच होईल. पण गळती टाइलच्या खाली, कोब्यात, आणि खालच्या काकूंच्या छताला कायमची ओल, त्यावर नवीन टाइल लावून काय उपयोग? सगळं स्लॅबपर्यंत फोडलं, वॉटरप्रूफिंग केलं, मग ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि काकू खाली दर तासाला छत बघून फोन करत होत्या, त्यांच्याइतकं कडक सुपरव्हिजन कुणी केलं नसेल. जुने जीआय, म्हणजे लोखंडी पाइप कापले तर आत गंजाने करंगळी जाईना, आणि नळाला पाणी बारीक येतं म्हणून आम्ही सगळे इतकी वर्षं टाकीला नावं ठेवत होतो. आता सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे पाइप.

वायरिंगचं तेच. तेव्हाचं घर म्हणजे पंखे, ट्यूब, फ्रीज, मिक्सर एवढ्याच हिशोबाचं. गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमच्या जाड वायरची वेगवेगळी लाइन, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घेतलाच. एमसीबी आहे की, मग तो कशाला, असं बरेच जण म्हणतात, पण एमसीबी जास्त लोड आला की ट्रिप होऊन वायर वाचवतो, करंट अंगातून जायला लागला तर ट्रिप होतो तो आरसीसीबी. घरात सगळीकडे बोटं घालणारं माणूस आहे म्हटल्यावर यात काटकसर नाही. स्विच, वायर सगळं तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून आणलं, रविवार सोडून जा आणि गाडी लांब लावा.

आणि हो, कोटेशन घेताना राडारोडा उचलायचा खर्च धरलाय का ते विचारा. तिसऱ्या मजल्यावरून पोती खाली न्यायचे मजल्यागणिक वेगळे पैसे लागतात, आणि "ते वेगळं हां मॅडम" हे आम्हाला बाथरूम फोडून झाल्यावर कळलं.