चेहरा नसलेली आजी

आमची आई वांद्र्याच्या मोतमावलीची, म्हणजे माउंट मेरीची, जुनी भक्त. देव्हाऱ्यात खंडोबा, पण सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला हजेरी चुकायची नाही. कुणाचा हात दुखत असला की मेणाचा हात वाहायचा, मेणबत्ती लावायची. त्यामुळे इकडे नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला आल्यावर "मोठं चर्च दाखव गं" म्हणाली आणि पिशवीत आठवणीने एक मेणबत्ती टाकली.

इथल्या मोठ्या चर्चचा मनोरा, डोम टॉवर, ११२ मीटर उंच. टॉवर एकीकडे, चर्च दुसरीकडे, मधे मोकळा चौक. १६७४च्या वादळात मधला भाग कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. आईचे प्रश्न तिथूनच सुरू झाले.

आत उंच खांब, मोठ्या खिडक्या, आणि बाकी सगळं रिकामं. आई कुजबुजली, "रंगकामाला सामान हलवलंय का?"

हलवलंय खरं, पण साडेचारशे वर्षांपूर्वी. १५६६च्या ऑगस्टमध्ये या मुलखात प्रोटेस्टंट लोकांची कॅथलिक चर्चमधल्या मूर्ती फोडण्याची लाट उसळली. डच लोक तिला 'बेल्डनस्टॉर्म' म्हणतात, प्रतिमांचं वादळ. वाद मात्र त्याहून पुष्कळ जुना. इसवी सन ६००च्या सुमारास मार्सेयच्या बिशपने चित्रं फोडली, तेव्हा पोप ग्रेगरीने त्याला लिहिलं होतं की पूजा नको हे ठीक, पण ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर बघून शिकतात. १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मसुधारक कॅल्विनच्या वाटेच्या प्रोटेस्टंट लोकांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, नेमका हाच मुद्दा प्रश्न म्हणून घेतलाय आणि उत्तर सरळ नकाराचं आहे: देवाला आपली माणसं मुक्या प्रतिमांनी नव्हे, जिवंत प्रवचनाने शिकवायची आहेत. बायबलमधल्या दहा आज्ञा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांच्याही त्याच, पण मोजणी वेगळी. कॅथलिक लोक मूर्तीची मनाई पहिल्या आज्ञेतच धरतात, कॅल्विनच्या वाटेचे लोक ती दुसरी आज्ञा म्हणून वेगळी मोजतात.

मग रिकाम्या भिंतींवर काय आलं? अक्षरं. या देशातल्या कितीतरी जुन्या चर्चमध्ये दहा आज्ञांचे रंगवलेले फलक दिसतात, वळणदार, सोनेरी. आपण पसायदान फ्रेम करून लावतो ना, तसेच. मला तर ती अक्षरांचीच मूर्ती वाटते, पण हे इथल्या शेजाऱ्यांना सांगायची सोय नाही.

एका बाजूच्या कपारीत मात्र आई थबकली. दगडात कोरलेला एक जुना देखावा, रंग अजून टिकलेले. मधे संत अ‍ॅना, म्हणजे मेरीची आई; सोबत मेरी आणि बाळ येशू. आजी, लेक आणि नातू. वस्त्रांच्या चुण्या जिथल्या तिथे. आणि चेहरे? तासून सपाट केलेले. अख्खा देखावा पाडला असता तरी चाललं असतं, पण छिन्नी नेमकी तोंडांवरच चाललीय. संतापाच्या भरात असं काम होत नाही, त्याला सवड लागते. पुढे हे सगळं भिंतीआड बुजवलं गेलं आणि २०व्या शतकात पुन्हा उजेडात आलं.

"मेल्यांनी बाळालासुद्धा सोडलं नाही," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "पण खंडित मूर्ती अशी ठेवतात का? पाण्यात सोडायची ना."

मी म्हटलं, इथे ती पूजेला नाहीये, काय झालं ते दिसावं म्हणून ठेवलीय. हे तिला पटलं नाही. आपल्याकडे टवका उडाला तरी मूर्ती देव्हाऱ्यातून उठते, आणि इथे चेहरा नसलेली आजी काचेच्या खिडकीखाली बसलीय, लोक येऊन फोटो काढतायत. मी स्वतःही पहिल्यांदा आले तेव्हा चार काढले होते.

"मेणबत्ती लावायचीय?" मी विचारलं.

"खंडित मूर्तीपुढे दिवा लावत नाहीत," ती म्हणाली. मेणबत्ती तशीच पिशवीत राहिली. परतीच्या बॅगेत तिने ती साडीच्या घडीत गुंडाळून नेली, वांद्र्याला लावायला.