गोदा उशिरा येते तेव्हा: 'परमिशन डिनाइड'चा छडा लागला

सापडलं, मंडळी! घरच्या सर्व्हरवर ज्या 'परमिशन डिनाइड'ने (फाईलला हात लावायची परवानगी नाही) मागच्या दोन्ही नोंदींत छळलं होतं त्याचं मूळ हाती आलंय. आता घाईघाईने चाऊन (फाईलचा मालक बदलणारी कमांड) मारत सुटू नका, कारण मालकी शेवटपर्यंत अगदी बरोबर होती. फक्त ज्या फोल्डरची मालकी आपण तपासत होतो, तो फोल्डर कंटेनरला (डॉकर प्रत्येक प्रोग्रॅम ज्या बंदिस्त खोक्यात चालवतो त्याला) दिसतच नव्हता.

नव्याने येणाऱ्यांसाठी पटकन: ब्रह्मगिरी म्हणजे कंपनीच्या लीजवरून परतलेला एक लिटरचा मिनी पीसी. त्यात २५६ जीबीची एनव्हीएमई (आतली वेगवान डिस्क) आणि डेबियन १२ लिनक्स. गोदा म्हणजे यूएसबी डब्यातली ४ टीबीची डिस्क, ईएक्सटी४, '/एमएनटी/गोदा'वर माउंट, म्हणजे त्या फोल्डरच्या जागी जोडलेली. दारणा ही बॅकअपची डिस्क, तिचा आज संबंध नाही. गोदावर इमिचचे फोटो, फ्रिगेटचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग, पेपरलेसचे कागद आणि रोज रात्री निघणारे पोस्टग्रेस डेटाबेसचे डंप (बॅकअप प्रती). अ‍ॅडगार्ड होम याच पेटीवर, घरच्या नेटचं डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) तोच बघतो, पण गोदाला न शिवता. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच आडवा येणार आहे.

लक्षणं आठवत असतील. डंप काढणारा कंटेनर १००० यूआयडीने (वापरकर्त्याच्या क्रमांकाने) चालतो, तो अधूनमधून 'परमिशन डिनाइड' म्हणून मरायचा. इमिच कधीकधी उठताना सांगायचा की अपलोड फोल्डरमधली '.इमिच' ही खूणफाईल वाचता येत नाही, आणि सुरूच व्हायचा नाही. फ्रिगेट मात्र ठणठणीत. होस्टवर (म्हणजे थेट ब्रह्मगिरीवर) जाऊन 'एलएस -एलएन'ने मालकांचे क्रमांक बघितले की सगळीकडे १०००:१०००. स्टॅक (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा संच) रिस्टार्ट केला की आजार गायब. सगळ्यात जास्त डोकं त्यानेच खाल्लं, कारण रिस्टार्टने बरं होणारं दुखणं कोणी मुळापर्यंत खणत नाही.

सिडकोतल्या एका मित्राचा सल्ला नेहमीचाच: "अरे, ७७७ मार आणि मोकळा हो." म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. मारलं नाही, आणि का मारू नये हे आता छातीठोक सांगता येतं. ७७७ने नकार थांबला असता तर रोज रात्रीचे डंप भलत्याच डिस्कवर जमा होत राहिले असते आणि एकही एरर आला नसता.

धागा सापडला तो वेगळ्याच तक्रारीतून. एनव्हीएमई भरत चालली होती. डिस्कची जागा सांगणारा 'डीएफ' म्हणे ९१ टक्के भरली. फाईलींचे आकार मोजणारा 'डीयू -एक्स' रूटपासून (सगळ्यात वरच्या फोल्डरपासून) चालवला तर बेरीज ३८ जीबीच्या वर जाईना. दीडशे जीबीहून जास्त जागा कोणी खाल्ली? पहिला संशय, डिलीट होऊनही एखाद्या प्रोसेसने उघड्या धरून ठेवलेल्या फाईल. 'एलएसओएफ +एल१'मध्ये काही नाही. डॉकरच्या जुन्या इमेज (ज्यांतून कंटेनर बनतात)? 'डॉकर सिस्टिम डीएफ' साफ. लॉग फाईल? त्यांना आधीच मर्यादा घातलेली.

मग हे केलं: 'माउंट --बाइंड / /एमएनटी/तळ'. बाइंड माउंट म्हणजे एक फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवणं. साधा बाइंड माउंट फक्त मूळ फाईलसिस्टिम दाखवतो, तिच्या आत लावलेले दुसरे माउंट सोबत आणत नाही. म्हणजे '/एमएनटी/तळ/एमएनटी/गोदा' उघडलं की गोदाच्या *खाली* एनव्हीएमईवर काय दडलंय ते दिसतं. तिथे रिकामा फोल्डर असायला हवा होता. तिथे होतं फ्रिगेटचं रेकॉर्डिंग, १६० जीबीच्या आसपास. शेजारी 'डंप्स' आणि 'इमिच' नावाचे रिकामे फोल्डर, मालक रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता), परवानगी ७५५ (लिहायची मुभा फक्त मालकाला).

एवढं दिसल्यावर बाकीची गोष्ट आपोआप उलगडली.

वीज जाते, यूपीएस जमेल तेवढं तग धरतो आणि मान टाकतो. वीज परतली की ब्रह्मगिरी स्वतःहून चालू होतो, बायोसमध्ये तशी सोय आहे. एनव्हीएमईमुळे तो काही सेकंदांत उठतो. गोदाचा डबा मात्र चकती फिरवून यूएसबीवर ओळख देईपर्यंत रेंगाळतो. 'जर्नलसीटीएल -बी'मध्ये स्वच्छ दिसतंय: डॉकर ७व्या सेकंदाला तयार, गोदा माउंट १६व्याला. मधल्या ९ सेकंदांत सगळा घोळ.

डॉकर थांबला का नाही? कारण एफएसटॅबमध्ये (बूटला कोणती डिस्क कुठे लावायची त्या यादीत) 'नोफेल' आहे. आपण सगळेच तो लावतो, नाहीतर डिस्क सापडली नाही की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं आणि मॉनिटर शोधत हिंडावं लागतं. पण 'नोफेल'चा दुसरा अर्थ असा की सिस्टिमडी (बूटला सगळं क्रमाने सुरू करणारा) त्या माउंटसाठी बूट अडवून धरत नाही. 'लोकल-एफएस' हा टप्पा गोदाविनाच पार पडतो आणि मागोमाग डॉकर उठतो.

उठल्यावर डॉकर प्रत्येक कंटेनरचे बाइंड माउंट जोडायला घेतो. कम्पोजमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) आपण जी आखूड पद्धत लिहितो, डावीकडे होस्टचा पाथ, मग कोलन, मग कंटेनरमधला पाथ, तिच्यात होस्टचा पाथ नसेल तर डॉकर तो स्वतः बनवतो. रूटच्या नावाने. अगदी विनातक्रार. म्हणजे गोदा यायच्या आत एनव्हीएमईवर '/एमएनटी/गोदा/डंप्स' जन्माला येतो, मालक रूट. १००० यूआयडीचा डंप कंटेनर तिथे लिहायला गेला की त्याला नकार. इमिचला रिकामा फोल्डर मिळतो, त्यात खूणफाईल नाही, म्हणून तो हट्टाने बसून राहतो. ही खूणफाईल तपासायची सोय ज्याने घातली त्याला माझ्याकडून कॉलेज रोडवर मिसळ, जादा पावासकट. फ्रिगेट आत रूट म्हणूनच चालतो, त्याला कोण अडवणार? तो गुपचूप लिहीत राहतो.

आणि खरी मेख तर याच्या पुढे आहे. ९ सेकंदांनी गोदा येते, त्या भुताटकी फोल्डरच्या डोक्यावर माउंट होते, आणि होस्टवर सगळं नीट दिसायला लागतं. पण आधीच सुरू झालेल्या कंटेनरला त्याचा पत्ता नसतो. बाइंड माउंट डीफॉल्टने 'आरप्रायव्हेट' असतो, नंतर होस्टवर झालेला माउंट आत पोचत नाही. कंटेनर जुन्या फोल्डरलाच धरून बसतो. म्हणून मी होस्टवर 'एलएस' करून १००० बघायचो आणि कंटेनर रूटचा फोल्डर बघून रडायचा. दोघांचंही खरं होतं. रिस्टार्ट केला की माउंट नव्याने जोडला जातो, या वेळी गोदाशी, आणि पुरावा गोदाच्या पोटाखाली गाडला जातो.

तुमच्याकडे असं काही वाटत असेल तर एकच कमांड पुरे: 'डॉकर एक्झेक'ने कंटेनरमध्ये शिरून त्या फोल्डरवर 'डीएफ' चालवा. तिथे एनव्हीएमईचं नाव दिसलं तर परवानग्यांकडे बघूच नका. पाथ बरोबर आहे आणि तरीही मधेच नकार येतोय, तर 'नेमआय -एल' वापरा. तो पाथमधल्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी ओळीने मांडतो. वरच्या एखाद्या फोल्डरला एक्स बिट (आत शिरायची परवानगी) नसला की खाली कितीही चाऊन करा, उपयोग शून्य.

आता उपाय. पहिला सगळ्यात समाधानाचा. स्टॅक थांबवले, गोदा अनमाउंट केली, भुताटकीतलं रेकॉर्डिंग उडवलं (शेजारच्या मांजरीचे तासन्‌तास होते), फोल्डर रिकामा केला आणि त्यावर 'सीएचअ‍ॅट्र +आय' मारला. आता गोदा लागलेली नसताना तिथे रूटलाही काही बनवता येत नाही. डिस्क माउंट करायला मात्र काही अडत नाही, कारण माउंट त्या फोल्डरमध्ये काही लिहीत नाही. केबल काढून ब्रह्मगिरी मुद्दाम रीबूट केला. फ्रिगेटने आदळआपट केली आणि सुरू व्हायला चक्क नकार दिला. इतका गोड एरर फार दिवसांनी वाचला.

दुसरा, कम्पोजमध्ये लांब पद्धत: प्रकार बाइंड, सोर्स, टार्गेट आणि खाली 'क्रिएट होस्ट पाथ: फॉल्स'. चार ओळी जास्त टाइप कराव्या लागतात, पण आखूड पद्धत बाह्य डिस्कसाठी वापरू नये असं माझं आता ठाम मत झालंय.

तिसरा उपाय ठरला होता की डॉकरच्या सिस्टिमडी युनिटला ओव्हरराइड देऊन 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' लावायचं, म्हणजे गोदा आल्याशिवाय डॉकर उठणार नाही. बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो आणि ही नोंद लिहायला बसलो तेव्हा मीही तोच देणार होतो. पण अ‍ॅडगार्ड! गोदा कधी कायमची रुसली तर डॉकरच उठणार नाही, डॉकर नाही तर डीएनएस नाही, आणि आतून आवाज येणार, "अरे, तुझ्या त्या खोक्याने परत नेट घालवलं का?" आईच्या मालिकेच्या वेळेत हे परवडणारं नाही.

म्हणून बेत बदलतोय. डॉकर मोकळा राहील, अ‍ॅडगार्ड त्याच्यासोबत लगेच उठेल. गोदावर अवलंबून असलेल्या प्रत्येक स्टॅकला स्वतःचं छोटं सिस्टिमडी युनिट मिळेल: 'आफ्टर'मध्ये डॉकर आणि गोदाचं माउंट युनिट, 'बाइंड्स टू' गोदा, 'वाँटेड बाय'सुद्धा गोदा, सुरू होताना 'कम्पोज अप -डी', थांबताना 'कम्पोज स्टॉप'. डिस्क आली की स्टॅक उठेल, डिस्क गेली की बसेल. डबा थोडा उशिरा जागा झाला तरी चालेल.

याची गरज आणखी एका कारणाने आहे. डॉकरची रिस्टार्ट पॉलिसी कंटेनर एकदा यशस्वीपणे सुरू झाल्यावरच लागू होते. बूटच्या वेळी बाइंडचा पाथच सापडला नाही तर 'अनलेस स्टॉप्ड' असूनही डॉकर पुन्हा प्रयत्न करत बसत नाही. नुसत्या 'सीएचअ‍ॅट्र'वर थांबलो असतो तर प्रत्येक वीज गेल्यावर हाताने उठवावं लागलं असतं. या स्टॅकची पॉलिसी आता 'ऑन फेल्युअर' केली आहे. ती डॉकरचा डेमन (मागे चालणारा मूळ प्रोग्रॅम) रिस्टार्ट झाल्यावर कंटेनर उठवत नाही, म्हणजे ते काम युनिटकडेच राहतं आणि दोघांची ओढाताण होत नाही. इमिचचं युनिट चालतंय. फ्रिगेट आणि पेपरलेसचं या आठवड्यात.

खऱ्याखुऱ्या परवानग्यांबद्दल थोडं, कारण गेल्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. 'पीयूआयडी' आणि 'पीजीआयडी' (कंटेनरला वापरकर्ता आणि ग्रुपचा क्रमांक सांगणारे) हे लिनक्ससर्व्हर या गटाच्या इमेजचं चलन आहे, बाकीच्या बऱ्याच इमेजला त्याचा गंधही नाही. पेपरलेसला 'यूजरमॅप यूआयडी' लागतो. इमिचला यातलं काहीच नको, कम्पोजमध्ये सरळ 'यूजर: १०००:१०००' लिहा. पोस्टग्रेसची डेबियनवरची इमेज आत ९९९ वापरते, अल्पाइनवरची ७०. म्हणून इमेजची जात बदलली की जुना डेटा फोल्डर परका होतो. होस्टवर ९९९ समोर भलतंच नाव दिसेल, घाबरू नका, म्हणूनच 'एलएस'ला 'एन' जोडायचा आणि आकडे बघायचे. सगळ्यांना सामाईक लागणाऱ्या फोल्डरसाठी मी 'घर' नावाचा ग्रुप केला, फोल्डरवर २७७५, युमास्क ००२. नवीन फाईल आपोआप त्याच ग्रुपची होते आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना तिच्यात लिहिता येतं. पोस्टग्रेसच्या फोल्डरला मात्र हात लावू नका, त्याला ०७०० किंवा ०७५० सोडून काही खपत नाही.

डब्याबद्दल. महात्मा गांधी रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराने "साहेब, सगळे डबे सारखेच" म्हणून दिलेला हा डबा आहे. सारखे नसतात. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आलाच, आणि तो मिनी पीसीच्याच यूपीएसवर हवा. दुसरा डबा बघायचा विचार होता, पण युनिटचं काम झाल्यावर उशिरा जागा होणारा डबाही चालून जातो. ते पैसे यूपीएसच्या नव्या बॅटरीत घालतो, सातपूरला एकाकडे भाव बरा मिळतोय.

जाता जाता एक छोटा विजय. पेपरलेसमध्ये ओसीआरच्या (स्कॅनमधला मजकूर ओळखण्याच्या) भाषा 'एमएआर+ईएनजी' (मराठी आणि इंग्रजी) केल्या, आणि वरच्या इन्स्टॉल करायच्या भाषांच्या यादीत 'एमएआर' वेगळा टाकला. हे दोन वेगळे व्हेरिएबल आहेत, एकाच्या नावात शेवटी 'एस' आहे. मग दिंडोरीच्या शेताचा जुना सातबारा स्कॅन करून टाकला. 'भोगवटादार' शोधलं आणि पहिल्याच फटक्यात तो कागद वर आला. टंकलेखन यंत्रावरचे उतारे बरे वाचले जातात, तलाठ्याच्या हस्ताक्षरातल्या फेरफार नोंदींपुढे मात्र त्याने हात टेकले. तिथे टॅग हातानेच लावतोय.

युनिट फाईल तिन्ही स्टॅकवर नीट चालल्या की इथे टाकतो. तोवर कोणी 'बाइंड्स टू'सोबत डिस्क मधेच उपटून पाहिली असेल तर सांगा: अनमाउंट होताना 'कम्पोज स्टॉप'ला पुरेसा वेळ मिळतो का? फ्रिगेट थांबायला फार आळस करतो.