हरतालिकेच्या उपवासानंतर आलेली फिट

गौरी-गणपतीच्या सणात घरात दारू नको, या एकाच विचाराने मी हरतालिकेच्या आदल्या रात्री शेवटचा पेला घेतला आणि कोणालाही न सांगता पिणे बंद केले. आमचे घर खानापूर तालुक्यात जांबोटीकडे आहे. यजमान गोव्यात कामाला असल्यामुळे कपाटात बाटली नेहमीच असे. झोप लागावी म्हणून सुरू झालेली सवय सहा वर्षांत रोजच्या एका क्वार्टरपर्यंत, म्हणजे १८० मिलीपर्यंत, पोहोचली होती आणि घरात कोणालाही त्याची कल्पना नव्हती.

उपवासाच्या संध्याकाळी हात थरथरू लागले. सासूबाई म्हणाल्या, "पोटात काही नाही, म्हणून होतंय." चतुर्थीला पहाटे मोदकांची उकड मळताना मला फिट आली आणि शुद्धीवर आले तेव्हा मी बेळगावच्या एका दवाखान्यात होते. तेथील डॉक्टरांनी यजमानांना विचारले, "तुम्ही घेता का?" मला मात्र कोणीही विचारले नाही. अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचे सलाईन लावण्यात आले. याचा राग मला आजही येतो, कारण रोज पिणाऱ्या माणसाला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मिळाले नाही तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. रात्री पाळीवरच्या सिस्टरने उशाशी बसून हळूच विचारले, "ताई, रोज घेत होता का?" तेव्हा मी रडले आणि सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मला धारवाडला हलवण्यात आले. तेथे थायमिनची इंजेक्शने आणि थरथर व फिट आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा डोस रोज थोडा थोडा कमी करत दहाव्या दिवशी त्या थांबवल्या. दारू अचानक सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो, त्यामुळे रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, हे मला तेथे समजले. रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली होती आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. मी म्हणाले, "पुरुष तर याहून जास्त पितात." समुपदेशक बाईंनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. १८० मिली म्हणजे सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातील अल्कोहोलची पातळी पुरुषापेक्षा जास्त चढते आणि यकृत कमी वर्षांत बिघडते. स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. हे ऐकताना मला माझ्या दोन्ही मुली आठवत होत्या.

वॉर्डात बोलणे बहुतेक कानडीतून चाले. कामापुरती कानडी मला येते. पण मनातली लाज कानडीतून सांगता येईना. मराठी समजणाऱ्या त्या बाई आठवड्यातून दोनदाच येत, आणि मी त्या दिवसांची वाट पाहत असे.

आता नऊ महिने झाले आहेत. मार्चमध्ये दातांच्या दवाखान्यात केसपेपरवर 'सवयी' असा रकाना होता आणि सिस्टर तो रिकामा सोडून पुढे जात होती. मी तिला थांबवून तो भरून घेतला.