नोंद सहावी: 1917 चा ठसा आणि बदललेली नळी

मागील नोंदीत उल्लेख केलेले लुगर पी-08 हे जर्मन लष्करी पिस्तूल या आठवड्यात संग्राहकांनी मला स्वतःसमोर तीन तास निवांत तपासू दिले. मॅगझिन काढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागील टोकाची काडतूस बसण्याची जागा, रिकामे असल्याची आम्ही दोघांनी खात्री करून घेतली आणि मगच भिंग हाती धरले.

चेंबरच्या माथ्यावर 1917, टॉगलवर (वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर) डीडब्ल्यूएम ही कारखान्याची एकमेकांत गुंफलेली अक्षरे, आणि सांगाड्याच्या पुढील तोंडावर चार अंकी अनुक्रमांकाखाली लपेटीदार वळणाचे रोमन ‘सी’ अक्षर स्पष्ट वाचता आले. त्या काळी लष्करी पिस्तुलांचे क्रमांक दर वर्षी नव्याने सुरू होत आणि पहिली 10,000 झाली की पुढील गटाला ‘ए’, त्यानंतरच्या गटाला ‘बी’ असे अक्षर जोडले जाई. म्हणून अक्षर वगळून क्रमांक टिपणे म्हणजे घरक्रमांक लिहून गल्लीचे नाव सोडून देणे होय. सुट्या भागांवरील शेवटचे दोन अंकही जुळले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

नळीने मात्र वेगळीच हकिकत सांगितली. लष्करी नळीच्या खालच्या अंगाला पूर्ण अनुक्रमांक आणि 8,83 असे, दशांशासाठी स्वल्पविराम असलेले, आतील व्यासाचे मिलिमीटरमधील माप कोरलेले असते. येथे यांपैकी काहीच नव्हते; होता तो मुकुटाखाली ‘एन’ असा नागरी चाचणीचा शिक्का. व्हर्नियर या मोजपट्टीने नळीच्या तोंडाशी मोजले, तर व्यास साडेसात मिलिमीटरहून किंचितच अधिक भरला. चेंबरचा साचा घेतल्यावर काडतुसाच्या बाटलीसारख्या मानेचा उतार त्यात स्वच्छ उमटला, आणि हे पिस्तूल आता 7.65 मिमी पॅराबेलम या काडतुसाचे असल्याची खात्री पटली.

लष्करी पी-08 चे 9 मिमीचे काडतूस याच 7.65 च्या कवचाची मान रुंद करून तयार झाले. दोहोंचा बूड सारखाच असल्याने मॅगझिनही तेच चालते, त्यामुळे केवळ बाहेरून पाहून फरक उमगत नाही. व्हर्सायच्या तहानंतरच्या निर्बंधांमुळे 1920 च्या दशकात अनेक लष्करी पिस्तुलांना 7.65 ची नळी बसवून ती बाजारात विकली गेली. चेंबरवरील साल सांगाड्याच्या वरच्या भागाचे असते, नळीचे नव्हे.

पुढील भेटीत माउझर सी-96 हे दुसरे जर्मन पिस्तूल पाहायचे आहे. 1916 मध्ये जर्मन सैन्याने 9 मिमीच्या अशा 1,50,000 पिस्तुलांची मागणी नोंदवली होती आणि त्याच्या नेहमीच्या 7.63 मिमी काडतुसाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांच्या मुठीवर लाल ‘9’ कोरला जाई. मुठी सहज बदलता येतात, म्हणून तेथेही मी आधी नळीच मोजणार आहे.