आईच्या वहीतला बावीस अक्षरी नंबर

मंगळवारी दुपारी दोन वाजता साताऱ्याहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझी आई कालपासून बाहेर दिसली नाही. हाक मारली तर ओ देत नाही, आणि घरातून कुणा पुरुषाचा हिंदी बोलण्याचा आवाज येतोय." मी पुण्यात, ऑफिसात. आईला फोन लावला तर बिझी. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काकूंना म्हटलं, खिडकीतून बघा तरी. आई टेबलाशी बसली होती, समोर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. काकूंना पाहताच तिने ओठांवर बोट ठेवलं, वहीचा कागद टरकावला, काहीतरी लिहिलं आणि गजांतून बाहेर सरकवला. "बोलू नका. पोलीस ऐकत आहेत."

तो कागद मी जपून ठेवलाय. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहिलेलं अक्षर, पण त्यात एक ओळ सरळ नाही.

सोमवारी सकाळी तिला फोन आला होता. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, नंबर दोन तासांत बंद होणार. मग 'मुंबई पोलिसां'कडे जोडून दिलं, व्हिडिओ सुरू करायला लावला. समोर गणवेशातला माणूस, मागे झेंडा. मनी लाँडरिंगच्या, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याच्या केसमध्ये तुमचं नाव आहे, वय बघून घरातच अटकेत ठेवतोय, कुणाला सांगितलंत तर मुलांनाही उचलू. त्या रात्री आई खुर्चीतच बसून होती. बाथरूमला जाताना परवानगी मागत होती. मंगळवारी तिने मुदत ठेव मोडली आणि 'पडताळणीसाठी' ६ लाख ४० हजार रुपये आरटीजीएस केले, म्हणजे मोठी रक्कम लगेच दुसऱ्या खात्यात पाठवायच्या बँकेच्या सोयीने पाठवले. ४८ तासांत परत मिळतील असं सांगितलं होतं.

बँकेत "एवढे पैसे कशाला?" असं तिला विचारलं होतं. मुलीच्या फ्लॅटसाठी, हे उत्तर तिला आधीच पढवलेलं होतं. घामाघूम झालेली एकाहत्तर वर्षांची बाई एकटीने येऊन मुदतीआधी ठेव मोडते, तेव्हा तिला पाच मिनिटं बाजूला बसवून घरी एक फोन करायला हवा होता. हे मी त्या शाखेत जाऊनही सांगून आले.

काकूंकडे मागच्या दाराची किल्ली होती. त्यांनी आत जाऊन मोबाइल सरळ बंद केला. मग त्यांच्या फोनवर आई आणि माझ्या शेजारच्या सहकाऱ्याच्या फोनवर १९३०. हा केंद्रीय गृह मंत्रालयाचा सायबर फसवणुकीसाठीचा हेल्पलाइन नंबर. तिसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडच्या बाई मराठीत बोलत होत्या आणि त्यांना नेमकंच हवं होतं: कुठली बँक, खाते क्रमांक, किती वाजता, किती रक्कम, आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या एका व्यवहाराला मिळालेला ओळख क्रमांक. आरटीजीएसचा यूटीआर बावीस अक्षरी असतो. एक अक्षर चुकलं तर शोध लांबतो.

आईने वही उघडली. दोन दिवस तो माणूस जे जे बोलला ते तिने तारीख-वेळेसकट लिहून ठेवलं होतं: त्याचं नाव, केस नंबर, पैसे गेले ते खातं, त्या शाखेचा आयएफएससी कोड, आणि खाली चौकटीत यूटीआर. ती वाचू लागली. पहिली तीन-चार अक्षरं कापऱ्या आवाजात आली. मग काय झालं कुणास ठाऊक, तिचा वर्गातला आवाज परत आला. "पुढे शून्य. शून्यच, ओ नाही. पुन्हा सांगते." अगदी श्रुतलेखन घालावं तसं. मी ते जसंच्या तसं पुढे सांगत गेले.

दोन-पंचवीसला तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. तिथून मी गाडी काढून निघाले. संध्याकाळी बँकेत लेखी अर्ज देऊन पोचपावतीवर शिक्का घेतला, रात्री सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर उरलेली माहिती भरली, दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जबाब. तिथल्या हवालदार ताईंनी आईला आधी चहा दिला. भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट, म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, असा प्रकारच नाही, हे त्यांनी तिला तीनदा सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं आणि आईने ते ऐकलंही होतं. पण गणवेश समोर दिसला की ऐकलेलं आठवत नाही.

पैसे पहिल्या खात्यात थांबलेच नव्हते. तासाभरात चार खात्यांत फुटले. ही भाड्याने घेतलेली खाती असतात, कुणीतरी कमिशनसाठी आपलं पासबुक देऊन बसलेला असतो. त्यांतल्या एका खात्यात २ लाख १५ हजार गोठवता आले. ते सोडवायला न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला, बंधपत्र दिलं, आणि पाच महिन्यांनी रक्कम आईच्या खात्यात आली. बाकीचं गेलं. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं, पण ते त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारांना. स्वतः सही करून पाठवलेल्या पैशांना त्याचा उपयोग झाला नाही.

आता जे लिहायला जड जातंय ते. मंगळवारी रात्री भाऊ आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, तुला कळलं कसं नाही?" तो रडवेला होता, रागाने बोललाच नव्हता. पण आई गप्प झाली. जबाबातही तिने विचारलं तेवढंच सांगितलं. शुक्रवारी पासबुक भरून आणलं तेव्हा सोमवारची आणखी एक नोंद दिसली, ८० हजार, एनईएफटीने, म्हणजे बँकेतून पैसे पाठवायच्या दुसऱ्या एका सोयीने. वहीचं ते पान तिने फाडून टाकलं होतं. मी लगेच १९३० लावला, पण तोवर चार दिवस उलटले होते. त्यातला एक रुपया मिळाला नाही. तो प्रश्न विचारला गेला नसता तर हा दुसरा नंबरही मंगळवारी रात्रीच गेला असता, असं मला मनापासून वाटतं. भावालाही वाटतं. त्याने आईचे पाय धरून माफी मागितली.

नंतर घरात काही गोष्टी बदलल्या. मोठी ठेव आता आई आणि माझ्या नावावर आहे, मोडायला दोघींच्या सह्या लागतात. यूपीआयची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणली. आमचा एक घरगुती शब्द ठरलाय, लहानपणचा. माझ्या आवाजात कुणी "अपघात झालाय, पैसे पाठव" म्हणालं तर आई आधी तो शब्द विचारणार. काकूंना तिने स्वतः जाऊन सगळं सांगितलं, मग भजनी मंडळात सांगितलं. तिथे आणखी दोघी निघाल्या, ज्यांनी घरी अजून तोंड उघडलं नव्हतं. त्यांतल्या एकीचा अर्ज आईनेच लिहून दिला.

वही अजून फोनशेजारी असते. मागच्या बुधवारी दुपारी मला तिचा फोन आला. गॅस कनेक्शन आज रात्री तोडणार, म्हणून कुणी लिंक पाठवली होती. आईने कॉल कापला होता, वेळ आणि नंबर टिपून ठेवला होता. संचार साथी या सरकारी पोर्टलवर 'चक्षू' नावाची संशयास्पद कॉल-मेसेज कळवायची सोय आहे, तिथे तक्रार मी करते, हे तिला माहीत आहे.

"पेन घेतलंस का?" ती म्हणाली. "हं, लिही. नऊ, आठ... सावकाश सांगते."