टेबलावरून दिसलेलं फुटसाल: टाइमकीपरच्या कामाचा माझा अनुभव

फुटसाल म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायचा फुटबॉल. त्याच्या सामन्यात दोन पंच मैदानावर पळत असतात, ते सगळ्यांना दिसतात. मधल्या रेषेजवळ, बाजूरेषेच्या बाहेर एक टेबल असतं. त्यामागे बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे आणि टाइमकीपरकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. क्लबांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मी त्या टेबलामागे टाइमकीपर म्हणून बसले. त्याआधीची पंचांची परीक्षा, छोट्या लीगमधले सामने, अर्ज आणि ओळखपत्र हे सगळं कुठल्याही खेळात होतं तसंच झालं. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

क्लब फुटसालचा पसारा आपल्याकडे फारसा माहीत नाही. युरोपात क्लबांची स्पर्धा 2001-02 पासून आहे. पहिलं विजेतेपद स्पेनच्या प्लायास दे कास्तेयोनने मिळवलं, आणि 2018-19 पासून तिला चॅम्पियन्स लीग म्हणू लागले. आशियात 2010 मध्ये इराणच्या इस्फहान शहरात सुरुवात झाली आणि पुढच्या दशकात जपानच्या नागोया ओशन्सने चार वेळा करंडक नेला. अशा स्पर्धांमध्ये बऱ्याचदा चार क्लब एका शहरात, एकाच हॉलमध्ये जमतात आणि मोजक्या दिवसांत प्रत्येकाचे तीन सामने होतात. आमची स्पर्धाही तशीच होती. एक सामना हरलात तर सावरायला वेळच नसतो. त्यामुळे शेवटच्या मिनिटातला एक गोल, एक फाउल, अगदी एक सेकंदसुद्धा गटाचा निकाल फिरवतो. ही जाणीव आम्हाला पहिल्याच बैठकीत करून दिली गेली आणि ती माझ्या डोक्यातून शेवटपर्यंत गेली नाही.

सराव रिकाम्या हॉलमध्ये झाला. फुटसालचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं. म्हणून 40 मिनिटांचा खेळ संपायला सव्वा-दीड तास लागतो. मला शिकवणारे ज्येष्ठ पंच एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: शिट्टीची वाट पाहू नका, चेंडू बघा. चेंडूने रेषा पूर्ण ओलांडली, बोट बटणावर. छताला लागला, तेव्हाही घड्याळ बंद. किक-इन घेताना, म्हणजे बाजूरेषेबाहेर गेलेला चेंडू पायाने परत आत मारताना, चेंडू हलला की परत सुरू. ऐकायला सोपं वाटतं, पण चेंडू सतत इकडून तिकडे जात असतो आणि डोळे खेळाडूच्या चालीत अडकतात. सुंदर ड्रिबल बघायचा मोह आवरणं हाच सरावाचा मोठा भाग होता.

चार सेकंदांचा नियम तर टेबलावर बसल्यावरच पुरता उमगला. किक-इन घ्यायला चार सेकंद मिळतात आणि पंच हात वर करून बोटांनी ते मोजतात. त्या वेळी माझं घड्याळ थांबलेलं असतं. गोलकीपरला स्वतःच्या अर्ध्या भागात चेंडू चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तेव्हा मात्र घड्याळ चालू असतं. प्रेक्षकाला दोन्ही मोजण्या सारख्याच दिसतात. आघाडीवर असलेल्या संघाला मात्र हा फरक नेमका ठाऊक असतो. अनुभवी गोलकीपर ते चार सेकंद कसे वापरतो हे बघण्यासारखं असतं.

मग फाउल. माझ्या शेजारचा तिसरा पंच ते कागदावर टिपायचा आणि मी बोर्डावर चढवायचे. ज्यांवर थेट फ्री किक मिळते असे फाउल प्रत्येक डावात संघाच्या नावावर साठत जातात. पंचांनी फायदा देऊन खेळ पुढे जाऊ दिला तरी तो फाउल मोजला जातो, म्हणून खेळ थांबल्यावर पंच टेबलाकडे जो इशारा करतात तो चुकवून चालत नाही. पाचवा फाउल झाला की बझर वाजवायचा आणि त्या संघाच्या बाजूला टेबलावर खूण ठेवायची. सहाव्यापासून बचावाची भिंत उभी करता येत नाही. फाउल लांब कुठे झाला असेल तर चेंडू गोलपासून 10 मीटरवरच्या खुणेवर ठेवतात, समोर एकटा गोलकीपर.

पाचव्या फाउलची ती टेबलावरची खूण ठेवल्यावर खेळ कसा बदलतो, हे मला या स्पर्धेतून मिळालेलं सर्वांत मोठं शिक्षण. एका सामन्यात दुसऱ्या डावाला जेमतेम सुरुवात झाली असताना एका क्लबचे पाच फाउल झाले. तोपर्यंत अंगाला अंग लावून खेळणारे त्यांचे बचावपटू अचानक अर्धं पाऊल मागे राहू लागले. हात पाठीमागे गेले, टॅकल जवळपास बंद झाले. समोरच्या संघाने हे लगेच ओळखलं आणि प्रत्येक चेंडू पिव्होटकडे, म्हणजे गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूकडे द्यायला सुरुवात केली, कारण तिथे बचावपटूला भिडावंच लागतं. प्रशिक्षक ओरडत होते, बेंचवरचे खेळाडू उभे राहिले होते, बिब, म्हणजे राखीव खेळाडूंचं बिनबाह्यांचं जाकीट, हातात देऊन अदलाबदल चालूच होती. पाच फाउल घेऊनही त्या क्लबने डाव संपेपर्यंत सहावा होऊ दिला नाही. इतक्या शिस्तीचा बचाव मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. टीव्हीवर हा सामना बघणाऱ्याला तो कदाचित संथ वाटला असेल, पण टेबलावर आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

टाइम-आउट हा आणखी एक नाजूक प्रकार. प्रत्येक डावात संघाला एक मिनिटाचा एक टाइम-आउट मिळतो, आणि पहिल्या डावातला वापरला नाही तर तो पुढे जात नाही. प्रशिक्षक येऊन टेबलावर मागणी करतो, पण लगेच बझर वाजवता येत नाही. चेंडू खेळाबाहेर असायला हवा आणि पुढची किक त्याच संघाची असायला हवी. संघ पिछाडीवर असला की प्रशिक्षकाला ती वाट बघणं सहन होत नाही. माझ्या डोक्यावर उभं राहून कुणी आपल्या भाषेत घाई करत असलं तरी नजर चेंडूवरून हलवायची नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. टाइम-आउट संपला की बहुतेक वेळा गोलकीपरच्या जर्सीत एक मैदानी खेळाडू आत यायचा आणि पाच विरुद्ध चार असा हल्ला सुरू व्हायचा. मागे गोल रिकामा, पुढे घड्याळ.

अशाच एका हल्ल्यात शेवटच्या सेकंदाला फटका मारला गेला. चेंडू हवेत असताना बझर वाजला, तो गोलकीपरच्या हाताला लागून जाळ्यात गेला आणि हॉलमध्ये दोन्हीकडून आरडाओरड सुरू झाली. नियम स्पष्ट आहे: बझरच्या आधी गोलकडे मारलेल्या फटक्याचा शेवट होईपर्यंत पंच थांबतात. गोलकीपरला लागून आत गेला तर गोल. मारणाऱ्याच्या साथीदाराला लागला तर तिथेच खेळ संपतो. दोन्ही पंच टेबलाजवळ आले. त्यांनी आम्हा दोघांना वेगवेगळं विचारलं, चेंडू पायातून सुटला तेव्हा बझर झाला होता का? तिसऱ्या पंचाने घड्याळाचे आकडे बघितले होते, मी चेंडू. हे आम्ही सामन्याआधीच ठरवून ठेवलं होतं. आमची उत्तरं जुळली आणि गोल दिला गेला. निर्णय पंचांचाच, पण तो आमच्या शब्दावर उभा होता आणि त्याचं समाधान मला आजही आहे.

ज्यांना या कामात यायचं आहे त्यांना मी एक सराव सुचवेन. फुटसालचा सामना लावा, पडद्यावरचं घड्याळ कागदाने झाका आणि हातातल्या स्टॉपवॉचवर चेंडूप्रमाणे वेळ मोजा. डाव संपला की तुमचे सेकंद आणि त्यांचे सेकंद लावून बघा. फरक पडला असेल तर तो किक-इनला पडला की गोलनंतरच्या किक-ऑफला, हे सामना मागे नेऊन शोधा आणि तेवढाच भाग पुन्हा मोजा.