इव्हान्सव्हिलच्या धक्क्यावरील एलएसटी-३२५

इंडियाना राज्यात ओहायो नदीच्या काठी वसलेल्या इव्हान्सव्हिलला मी पहिल्यांदा गेलो तो सप्टेंबरमध्ये, आणि ज्या जहाजासाठी शिकागोहून सुमारे तीनशे मैल गाडी चालवली, ते जहाजच धक्क्यावर नव्हते. एलएसटी-३२५ हे दुसऱ्या महायुद्धातील जहाज आता संग्रहालय असले तरी आजही स्वतःच्या इंजिनांवर चालते आणि बहुतेक वर्षी उन्हाळा सरताना काही आठवडे नदीमार्गे दुसऱ्या शहरांच्या भेटीला जाते, हे निघण्यापूर्वी पाहून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती. म्हणून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात जाणाऱ्यांनी त्या वर्षीचे वेळापत्रक संकेतस्थळावर पाहूनच निघावे. मी दुसऱ्यांदा गेलो तो मे महिन्यात, आणि पुढील वृत्तांत त्या भेटीचा आहे.

रणगाड्यांसारखी अवजड वाहने बंदराची सोय नसलेल्या किनाऱ्यावर थेट उतरवण्यासाठी बांधलेल्या जहाजांना एलएसटी (लँडिंग शिप, टँक) म्हणत. त्यातील मूळ अडचण अशी की, महासागर ओलांडायचा तर जहाज पाण्यात खोल बसले पाहिजे आणि वाळूला लावायचे तर ते उथळ तरंगले पाहिजे. जॉन नीडरमायर या अमेरिकी नौदलाच्या अभियंत्याने नोव्हेंबर १९४१ मध्ये काढलेल्या आराखड्यात यावर तोडगा होता. जहाजाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून त्याला प्रवासापुरते जड करायचे आणि किनारा जवळ आला की तेच पाणी बाहेर टाकायचे. मग पुढची बाजू अवघी चार फूट आणि मागची सुमारे दहा फूट पाण्यात राही. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर मागचा नांगर टाकून ठेवत आणि परत निघताना त्याचा दोर गुंडाळत जहाज मागे ओढून घेत. भरतीला आत यायचे, ओहोटीत कोरडे पडायचे आणि पुढच्या भरतीला सुटायचे, हा हिशेब कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. युद्धकाळात अशी १,०५१ जहाजे बांधली गेली. त्यांच्या संथ गतीमुळे खलाशी एलएसटी या अक्षरांचा अर्थ गमतीने ‘लार्ज स्लो टार्गेट’, म्हणजे ‘मोठे, संथ लक्ष्य’, असा लावत.

जहाज पाहण्याची सुरुवात मनाने तरी रणगाड्यांच्या डेकपासून करावी. ३२८ फूट लांबीच्या या जहाजाच्या पोटात जवळजवळ पूर्ण लांबीभर पसरलेले हे मोकळे दालन आहे. खाली साखळ्या अडकवण्याच्या खाचा, वर एंजिनांचा धूर बाहेर ओढणारे पंखे आणि पुढच्या टोकाला उघडणारी ती प्रचंड दारे पाहिली की, हे लढाऊ जहाज असण्यापेक्षा समुद्रावरचा मालट्रक आहे हे लक्षात येते. वर चाळीस आणि वीस मिलिमीटरच्या तोफा आहेत आणि मुले त्यांच्यापाशीच रेंगाळतात, पण माझा अधिक वेळ खाली गेला. आमच्या गटाला माहिती देणारे वयस्क स्वयंसेवक प्रत्येक झडपेचे काम सांगत होते; घाईत असणाऱ्यांना ते कंटाळवाणे वाटेल, मला मात्र फेरीचा तोच सर्वोत्तम भाग वाटला.

हे जहाज इव्हान्सव्हिलमध्ये बांधले गेले असावे, असा बऱ्याच प्रेक्षकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधले गेले आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजी सेवेत आले. तरीही इव्हान्सव्हिलचा त्यावरचा हक्क पोकळ नाही, कारण समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या या शहराच्या गोदीत १६७ एलएसटी बांधल्या गेल्या, आडव्या बाजूने नदीत सोडल्या गेल्या आणि मिसिसिपीमार्गे समुद्राला मिळाल्या.

३२५ने जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या आणि सप्टेंबरमध्ये सालेर्नोच्या मोहिमेत भाग घेतला. नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यासमोर ती ७ जून १९४४ रोजी, म्हणजे पहिल्या चढाईच्या दुसऱ्या दिवशी, पोहोचली. त्यानंतर १९४५च्या वसंतापर्यंत तिने इंग्लंड आणि फ्रान्सदरम्यान चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या, आणि माझ्या मते तिचे खरे कर्तृत्व या फेऱ्यांतच आहे. जाताना वाहने आणि सैनिक, येताना जखमी, असे ते काम होते. २८ डिसेंबर १९४४ रोजी ‘एम्पायर जॅव्हलिन’ हे सैनिकवाहू जहाज इंग्लिश खाडीत बुडत असताना सुमारे सातशे जणांना वाचवण्यात तिचा हात होता.

१९४६ मध्ये ती सेवेतून निघाली, पुढे उत्तर ध्रुवीय प्रदेशातील रडार केंद्रांसाठी सामान वाहण्याच्या कामी आली आणि १९६४ मध्ये ग्रीसच्या नौदलात ‘सिरोस’ नावाने दाखल होऊन १९९९ पर्यंत तिथे राहिली. (भारतीय नौदलाची पहिली ‘मगर’ ही देखील युद्धकालीन ब्रिटिश एलएसटीच होती, ती १९४९ मध्ये आपल्याकडे आली.) सुमारे बहात्तर वर्षे सरासरी वयाच्या निवृत्त खलाशांनी नोव्हेंबर २००० मध्ये क्रीट बेटावरून हे जुने जहाज हाकारले, जिब्राल्टरला थांबा घेऊन भर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडला आणि १० जानेवारी २००१ रोजी ते अलाबामातील मोबीलला आणून लावले. इव्हान्सव्हिलला ते २००५ पासून आहे.

आता जाणाऱ्यांसाठी काही सूचना. २०२० पासून जहाज शहराच्या मध्यभागी, रिव्हरसाइड ड्राइव्हलगत उभे असते. जुन्या लेखांत दिलेल्या मरीनाच्या पत्त्यावर जाऊ नये. इंडियानापोलिस किंवा लुईव्हिलहून येणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्यावे, कारण ही शहरे पूर्वेकडील वेळ पाळतात, तर इव्हान्सव्हिल मध्य विभागाची वेळ पाळते; येताना एक तास हाती लागतो आणि परतताना तो जातो. आतील जिने जवळजवळ उभे आहेत आणि दारांचे उंबरे गुडघ्याला लागतील इतके उंच आहेत, त्यामुळे साडी किंवा सैल चपला टाळाव्यात आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. आई-वडील भारतातून आलेले असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर त्यांनी रणगाड्यांचा डेक निवांत पाहावा आणि वरच्या मजल्यांचा आग्रह धरू नये. जुलैमध्ये लोखंड तापते, म्हणून सकाळची पहिली फेरी घ्यावी. दीड-दोन तास पुरतात. उरलेल्या वेळात शहरातील युद्धकालीन संग्रहालय पाहता येते. तिथे पी-४७ जातीचे लढाऊ विमान आहे, आणि त्या जातीची सहा हजारांहून अधिक विमाने याच शहरात तयार झाली होती.